अकरा नावांचं कार्ड

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये मांडलेली नवी शेगडी बयाबाईंनी सकाळीच पाहिली होती, पण त्या लगेच बोलल्या नाहीत. म्हशीची धार काढली, चरवी आत आणली, चहाचं आधण ठेवलं आणि मग मोहिनीकडे पाठ करूनच म्हणाल्या, "माजं पातेलं दिसंना. बुडाला पोचा आलेलं."

समृद्धीला पाणी पाजता पाजता मोहिनीचा हात थांबला. "शेडमध्ये आहे, मोठ्या आई."

"शेडात काय शिजतंय?"

"काही नाही. अण्णांनी दाखवायला म्हणून ठेवलंय. आज ग्रामसभा आहे ना."

"हां." बयाबाईंनी साखरेचा डबा उघडला आणि साखर न घेताच बंद केला. "मंजी पातेलं पण गेलं तिकडं."

मोहिनी या घरात आली तेव्हा तिची सख्खी सासू जाऊन दोन वर्षं झाली होती. माप ओलांडल्यावर तिला आत घेतलं ते बयाबाईंनी, म्हणजे चुलतसासूने. बाळंतपण त्यांनी केलं. समृद्धीला पायावर घेऊन पहिली अंघोळ त्यांनी घातली. आणि आता चार दिवस त्या मोहिनीशी अर्ध्या वाक्यात बोलत होत्या. उरलेलं अर्धं काय असेल, हे मोहिनी रात्रंदिवस मनात पुरं करत बसायची.

समृद्धी चार वर्षांची. तिच्या डाव्या मूत्रपिंडातून लघवी खाली उतरायची वाट जन्मापासून अरुंद होती आणि मूत्रपिंड फुगत चाललं होतं. ती दिवसातून किती वेळा मोरीत जाते, हे मोहिनी कॅलेंडरवर काड्या मारून ठेवायची. पोरगी खेळताना कमरेवर हात ठेवून उभी राहिली तरी ही हातातलं काम टाकून धावायची. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन मोठं नाही, पण नोव्हेंबरच्या पुढे नेऊ नका; नंतर वाचवायला फारसं काही उरणार नाही.

सरकारी आरोग्य योजनेत बसेल, असंच सगळे धरून चालले होते. नारायणगावच्या त्या दवाखान्यात योजनेच्या खिडकीमागे तेजस्विनी बसायची, आरोग्यमित्र म्हणून. ती घाटघरची, मोहिनीचं माहेर शिनोली. घोडेगावच्या कॉलेजात दोघी तीन वर्षं एका बाकावर. तिने रेशनकार्डाचा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, आणि नेहमीसारखा पडदा मोहिनीकडे वळवला नाही.

"मोहिने, तुमच्या कार्डावर अकरा जणं आहेत. वर्षाच्या खर्चाची मर्यादा अकरा जणांत मिळून एकच असते. तुझ्या चुलतसासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चाललंय ह्याच कार्डावर. मर्यादा नवी होणार ती पुढच्या एप्रिलात. तोवर जे उरलंय त्यात एकच बसतं."

"एकच म्हणजे?"

"ऑपरेशन, नायतर डायलिसिस."

सुदर्शन, मोहिनीचा नवरा, शेजारीच उभा होता. त्याने पैसे भरून करायचं तर किती, ते विचारलं. आकडा ऐकल्यावर गाडीत बसून त्याने बराच वेळ चावीच फिरवली नाही. यंदाचा टोमॅटो विषाणूने खाल्ला होता, हे त्याला मोहिनीला सांगावं लागलं नाही.

तेजस्विनी खिडकीतून बाहेर येऊन म्हणाली होती, "कार्ड फोडा. तुमचं वेगळं करा. नवं कार्ड ऑनलाइन दिसलं की त्याच दिवशी मी मंजुरीला टाकते. आमच्याकडं पोराचं लग्न झालं की वर्षाच्या आत त्याचं कार्ड वेगळं. भाताची खाचरं एकत्रच लावतात. तुमां बागायतदारांनाच मोठं खटलं मिरवायची हौस."

हौस होतीच. बोरी गावात औट्यांचं, म्हणजे मोहिनीच्या सासरचं, कार्ड ही बोलायची गोष्ट. चुलतसासऱ्यांचा चाकणला राहणारा मुलगा ऋषी, त्याची बायको आणि पोरंसुद्धा अजून याच कार्डावर होती. आणि कार्ड फोडायचं तर ग्रामपंचायतीचा विभक्त कुटुंबाचा दाखला लागायचा. दुसऱ्या गावात तो सहीशिक्का मारून मिळतो. बोरीत तसं नव्हतं. सात वर्षांपूर्वी ज्ञानेश्वर औटी सरपंच असताना, दुहेरी धान्य उचलायला लोक खोटी कार्डं फोडतात म्हणून, ग्रामसभेने ठराव केला होता: चूल खरोखर वेगळी झाल्याशिवाय दाखला नाही, आणि प्रत्येक अर्ज ग्रामसभेत नावानिशी वाचायचा.

ज्ञानेश्वर औटी म्हणजेच मोहिनीचे चुलतसासरे, घरातले तात्या. ज्यांचं डायलिसिस चालू होतं ते.

*

चहा घेऊन मोहिनी ओट्यावर गेली तेव्हा तिचे सासरे सुनीलअण्णा आपल्या वडलांना समजावत होते. गेणभाऊ चौऱ्याऐंशी वर्षांचे. कानटोपी घालून, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसले होते.

"बाबा, नुसता कागद वेगळा व्हतोय. माणसं न्हाई."

"जमिनीचा पण आदी कागदच वेगळा व्हतो."

"आता त्यात जमीन कुठनं आली?"

"येती. चार वर्सांनी येती." गेणभाऊंनी चहा बशीत ओतला. "ह्या कार्डाच्या बापावर मी बहात्तरच्या दुष्काळात मिलो आणलाय. लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. घरात चौदा तोंडं व्हती. तवाबी लोक म्हणलं, गेणभाऊ, दोन कार्डं कर, जास्ती मिळंल. न्हाई केली."

"तवा डायलिसिस नव्हतं, बाबा."

"तवा तू बी नव्हता."

अण्णांनी मोहिनीकडे पाहिलं, जणू तिने साक्ष द्यावी. अण्णा विरोधी पक्षात, तात्या सत्ताधारी पक्षात. वीस वर्षं दोघे भाऊ एका ताटावर जेवून दोन वेगवेगळ्या व्यासपीठांवर बसत आले होते. आज अण्णांच्या चेहऱ्यावर काळजी होती, नाही असं नाही. पण काळजीच्या खाली आणखी काहीतरी होतं, थोडी चमक. मोहिनीला ती चार दिवस दिसत होती आणि चार दिवस ती स्वतःला समजावत होती की आपल्याला भास होतोय.

"आज मी सभेत उभाच करतो हा इषय," अण्णा म्हणाले. "पाठ थोपटून घेत्यात योजनेची. चार वर्सांची पोरगी अडून बसलीय, दाखवतो की! नारायणगावचा फोटोवाला बी सांगून ठेवलाय. समृद्धीला जरा तो नवा फ्रॉक..."

"फोटोवाला नको, अण्णा."

"अगं, आवाज उठवल्याबिगर कोण..."

"माझी पोरगी तुमच्या भाषणातला मुद्दा नाही."

सहा वर्षांत सासऱ्यांपुढे ती एवढं सरळ बोलली नव्हती. गेणभाऊंची बशी ओठांपाशीच राहिली.

"बरोबर बोलली," मागून आवाज आला. तात्या दारात उभे होते. कालच डायलिसिस झालं होतं, तरी चेहरा राखाडी. "माज्या सुया पण कुणाच्या भाषणात नकोत. सुनील, फोटोवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणावं."

"तुमाला बरंच हाय ते. झाकली मूठ."

"ऐक तर. मी त्या तेजस्विनीला फोन केला व्हता. तीनच्या जागी दोनदा केलं आठवड्याला, तर पोरीचं बसतंय का म्हणून इचारलं."

घरात भांडं आदळलं. बयाबाई दाराशी आल्या नाहीत, आतूनच ओरडल्या, "खबरदार!"

दोन दिवसांच्या वर एक दिवस गेला की तात्यांच्या पायावर बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहायचा, आणि रात्री त्यांना आडवं होता यायचं नाही. हे मोहिनीला माहीत होतं. तिने मान खाली घातली, कारण तात्यांचं वाक्य ऐकताना एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"काय म्हणली ती?" अण्णांनी हळू विचारलं.

"शिव्याच घातल्या. दोनदा केलं तरी पोरीचं बसत न्हाई म्हणली, आणि तुमी मात्र जाताल."

*

सभा दहाला होती. नवाच्या सुमारास तात्या शेडमध्ये गेले. ट्रॅक्टर बाहेर काढलेला, कोपऱ्यात फळीवर शेगडी, दोन डबे, पोचा आलेलं पातेलं. शेगडीच्या बर्नरवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. सुनीलला राजकारण कळतं, त्यांच्या मनात आलं, पण स्वयंपाक कळत नाही.

हा ठराव मांडला त्या दिवशी त्यांना काय वाटलं होतं, ते त्यांना आठवत होतं. टाळ्या पडल्या होत्या. तालुक्यात नाव झालं. नंतर दोन वर्षांमागे गावातलाच अमृत आला असाच अर्ज घेऊन. त्याचा थोरला भाऊ अपघातात सापडला, त्याच्या पायांच्या ऑपरेशनांत कार्ड संपलं. आणि त्याच महिन्यात आई, बायडाबाई, मोरीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. तात्या तेव्हा सरपंच नव्हते, पण सभेत उठून त्यांनीच विचारलं होतं, चूल वेगळी आहे का? अमृत म्हणाला, नाही. अर्ज बारगळला. बायडाबाई अजून वॉकर धरून अंगणापर्यंत येते, त्यापुढे नाही.

तेव्हा त्यांना हा प्रामाणिकपणा वाटला होता.

"इथं बसलाय व्हय?" बयाबाई आत आल्या. त्यांनी शेगडीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुमचाच न्हवं तो ठराव?"

"माजाच."

"मग बसा आता त्याच्यावर."

तात्यांना हसू आलं. बयाबाईंना आलं नाही. त्या ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर टेकल्या.

"चार दिस डोळ्याला डोळा न्हाई माज्या. पोरीकडं बघितलं का वाटतं, हिचं व्हावं. तुमी खोकला का वाटतं, न्हाई, ह्यांचं. आन् मग सोताचीच किळस येती. मोहिनीला वाटतंय, मी रुसलीया. मला तिच्याकडं बघायची लाज वाटतिया."

"तिला सांग ना मग."

"काय सांगू? तुजी पोरगी का माजा नवरा, असं मनात मोजत बसते म्हणून सांगू?"

तात्यांनी दारातून ग्रामपंचायतीच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "अमृत आज सोडायचा न्हाई मला."

"नगं सोडू दे." त्या उठल्या आणि फळीवरचं पातेलं काखेत मारलं. "हे माजंय. खोटं बोलायला मी माजं भांडं देणार न्हाई."

*

ग्रामपंचायतीच्या आवारात पत्र्याखाली खुर्च्या आणि सतरंज्या टाकल्या होत्या. ठमाबाई सरपंच मधल्या खुर्चीवर, शेजारी ग्रामसेवक प्रोसिडिंगची वही उघडून. बायका एका अंगाला. मोहिनी कडेला बसली, समृद्धी तिच्या मांडीवर नव्या नव्हे, रोजच्याच फ्रॉकमध्ये.

पाण्याचं, रस्त्याचं झालं. मग विषय आला: आरोग्य योजनेतल्या सुधारणांबाबत शासनाला पाठवायचा ठराव. अण्णा उठलेच.

"योजना कुठंय राव? कागदावर. सरकार दवाखान्याची बिलं महिनोन् महिने देत न्हाई, मग दवाखाने म्हणत्यात खाट शिल्लक न्हाई. हेच पैसे आपल्या सरकारी दवाखान्यात घाला, डॉक्टर भरा, यंत्रं आणा!"

"आन् तवर पेशंटनं काय करायचं?" तात्या बसूनच म्हणाले. "दवाखाना बांधायची वाट बघायची? मी ह्या योजनेवर जिता हाये, सुनील. आठवड्यातनं तीनदा."

"मग सगळ्यांना दिली कशाला? बंगलेवाल्याला पण योजना, भूमिहीनाला पण. गर्दी झाली, गरीब मागं पडला."

"आता तूच सांग, आपुन बंगलेवाले का भूमिहीन?"

हशा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "इलेक्शनला भूमिहीन, लग्नात बंगलेवाले!"

ठमाबाईंनी टेबलावर हात आपटला. "तात्या, अण्णा, भांडणं घरी. भाऊसाहेब, मसुदा वाचा."

ग्रामसेवकाने वाचला. त्यात एक ओळ तात्यांच्या माणसांनी घातली होती, 'शासनाचे हार्दिक अभिनंदन करून', आणि एक अण्णांच्या, 'शासन सपशेल अपयशी ठरल्याने'. दोन्ही एकाच वाक्यात होत्या.

"अभिनंदन पण खोडा, अपयशी पण खोडा," ठमाबाई म्हणाल्या. "मधी काय उरतंय ते वाचा."

ग्रामसेवकाने दोन्हींवर रेघ मारली. "उरतंय... 'याद्वारे मागणी करण्यात येते की'."

"काय मागणी?"

"ते लिहायचं राहिलंय, मॅडम."

पुन्हा हशा. त्या हशात मोहिनी हसली नाही, कारण ग्रामसेवक पान उलटत होता आणि पुढचा कागद तिला लांबूनही ओळखू आला. तिचंच अक्षर होतं.

"ठरावाचं नंतर घेऊ, आदी अर्ज. विभक्त कुटुंब दाखल्यासाठी. अर्जदार सुनील गेणभाऊ औटी. सोबत सुदर्शन, मोहिनी, समृद्धी. कारण, स्वतंत्र चूल."

बसलेल्यांच्या माना औट्यांकडे वळल्या. गेणभाऊ पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान वळवली नाही.

अमृत उठला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. आवाज चढवला नाही त्याने.

"तात्या, एकच इचारतो. चूल कवा वेगळी झाली?"

अण्णा अर्धवट उठले. "शेड बघून या की! शेगडी मांडलीय, सिलिंडर..."

"तुमाला न्हाई इचारलं, अण्णा. ज्यांनी मला इचारलं व्हतं, त्यांना इचारतोय."

तात्यांनी खुर्चीच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला. मोहिनीला त्यांची सुजेने घट्ट झालेली चप्पल दिसली. ते 'हो' म्हणाले तर दाखला मिळेल, आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा गावासमोर खोटं बोलेल, तिच्या पोरीसाठी. ते 'नाही' म्हणाले तर नोव्हेंबर. तिला हो हवं होतं. अगदी जिवापासून हवं होतं.

आणि तिला दिसलं की ते 'हो' म्हणणार आहेत.

"एकच आहे," मोहिनी म्हणाली. आपण उभं कधी राहिलो, ते तिला कळलं नाही. "चूल एकच आहे, अमृतभाऊ. शेडमधली शेगडी परवा आणलीय. तिच्यावर अजून पाणीसुद्धा तापवलेलं नाही."

अण्णांनी कपाळाला हात लावला.

"काल रात्री मोठ्या आईंनी पिठलं केलं, ते आम्ही सगळ्यांनी खाल्लं. उद्याही तेच होणार. तुमच्या ठरावाप्रमाणे मला दाखला मिळत नाही, हे मला कळतंय." तिने समृद्धीला कडेवर सावरलं. "पण मला एवढंच विचारायचंय. पिठलं एका चुलीवर झालं, म्हणून दुखणं पण एक होतं का? माझ्या पोरीचं मूत्रपिंड फुगलंय. तात्यांची दोन्ही निकामी. एका कार्डावर दोघं बसत नाहीत. आम्ही वेगळे राहिलो असतो, भांडून भिंत घातली असती, तर दोघांचीही सोय झाली असती. एकत्र राहिलो, म्हणून एकाला थांबायचंय. कोण थांबेल, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारू शकत नाही. चार दिवस कुणी कुणाकडे नीट बघितलेलं नाही."

"मी न्हाई बघितलं," बायकांतून बयाबाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. "मीच न्हाई बघितलं तिच्याकडं."

अमृत अजून उभाच होता. "माज्या आईच्या वक्ताला हे कुणी बोललं न्हाई, वहिनी."

"नाही बोललं," मोहिनी म्हणाली. "मीही होते त्या सभेला. गप्प बसले होते. तेव्हा माझं काही अडलेलं नव्हतं."

मग तात्या खरंच उठले. शेजारच्याने हात दिला, तो त्यांनी घेतला.

"अमृत, तुजा अर्ज मी पाडला. मला वाटलं, धान्याची चोरी थांबवतोय. तुज्या आईचा खुबा धान्याच्या तराजूत घातला मी." त्यांना दम लागला. "चुकलो. हे मला सोताची पाळी आल्यावर कळलं, तेबी लिहून घ्या भाऊसाहेब. सूचक म्हणून माजं नाव टाका. सात वर्सांमागचा ठराव बदलायचा. नवरा, बायको, त्यांची पोरं, आन् त्यांच्यासंगं ऱ्हाणारा म्हातारा जीव, हे एक कुटुंब. त्यांना दाखला मागितल्याबरोबर द्यायचा. चूल इचारायची न्हाई."

"आन् धान्य दुप्पट उचललं तर?" मागून प्रश्न आला.

"धान्य माणशी मिळतंय आता, कार्ड फोडून दाणा वाढत न्हाई," ग्रामसेवक पटकन म्हणाला. बहुधा सात वर्षं त्याला हे सांगायचं होतं.

"अनुमोदक कोण?" ठमाबाईंनी विचारलं.

अण्णांचा हात वर जायला लागला होता, पण अमृत आधी बोलला. "माजं लिहा. आन् त्याच्याखाली माजा अर्ज पण आजच घ्या."

त्याच्यामागे आणखी दोघे उठले, मग एक बाई. कुणाच्या घरी कॅन्सर, कुणाच्या घरी जळीत. पत्र्याखाली अशी किती घरं बसली होती, ते मोहिनीला आज कळत होतं. हात वर झाले. ग्रामसेवकाने मोजले, पुन्हा मोजले.

"आता तो वरचा ठराव," ठमाबाई म्हणाल्या. "'मागणी करण्यात येते की' याच्या पुढं लिहा. सुनीलभाऊ, सांगा. शिव्या न देता."

अण्णा उठले. नेहमीचं भाषण त्यांच्या तोंडाशी आलेलं मोहिनीला दिसलं, आणि ते त्यांनी मागे घेतलेलंही दिसलं. "लिहा. कार्डावर माणसं किती, ते न बघता मर्यादा प्रत्येक नवराबायको-पोरांना स्वतंत्र द्यावी. दवाखान्यांची बिलं वेळेत द्यावीत, म्हणजे खाट न्हाई म्हणायला जागा ऱ्हाणार न्हाई." ते थांबले, भावाकडे बघितलं. "आन् डायलिसिस मर्यादेच्या बाहेर काढावं. ज्याला जन्मभर लागतंय, त्याला वर्साचं माप लावू नये."

"मुंबईला वाचतंय का कोण?" कुणीतरी म्हणालं.

"सुनील, तुमचे आमदार त्यांच्या बाजूनं देतील, आमचे आमच्या," तात्या म्हणाले. "दोन्हीकडनं एकच कागद गेला, तर निदान दचकतील तरी."

*

दाखला लिहायला सगळे आत कचेरीत आले. समृद्धी बयाबाईंच्या कडेवर होती; कधी गेली, ते मोहिनीने पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही याचं तिला नवल वाटलं.

"आता जुन्या कार्डाच्या कुटुंबप्रमुखाची संमती," ग्रामसेवक म्हणाला. "चार नावं कमी करायला हरकत नाही, म्हणून. बाबा, इथं सही."

गेणभाऊंनी कागद डोळ्यांजवळ धरला. वाचता येत होतं त्यांना, सावकाश. सगळे उभे. अण्णा काहीतरी बोलणार होते, तात्यांनी त्यांच्या मनगटाला धरलं.

"कमी म्हणू नगा," म्हातारा म्हणाला. "दुसरा शब्द न्हाई का?"

"छापील आहे, बाबा."

"मग असू द्या. छापणाऱ्याला काय ठावं." त्यांनी सही केली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. पेन खाली ठेवला नाही. "नव्यावर पैलं नाव कुणाचं?"

"माजंच की," अण्णा म्हणाले.

"नाही, अण्णा." ग्रामसेवकाने चष्मा वर केला. "नव्या कार्डावर घरातली सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. कायदाच आहे तसा. तुमच्या चौघांत मोहिनीवहिनी."

अण्णांनी अर्ज ओढून पुन्हा वाचला. मग तात्या हसायला लागले, खोकेपर्यंत हसले. "वीस वर्सं म्होरं म्होरं करत व्हता, सुनील. बस आता सुनंच्या हाताखाली!"

"तुमचं कार्ड नवं झालं का तुमी बी बसताल वहिनीच्या," अण्णा म्हणाले, पण तेही हसत होते.

गेणभाऊंनी पेन मोहिनीपुढे धरला. ती खुर्चीवर टेकली. अठ्ठाविसाव्या वर्षी सासरे, नवरा आणि मुलगी यांची नावं आपल्या नावाखाली लिहिताना तिने प्रत्येक नाव आधी मनात वाचून घेतलं.

"दवाखान्यात पण हीच सही लागंल न्हवं?" गेणभाऊंनी विचारलं.

"हो, आजोबा."

"मग कवा जायचं ते तूच ठरव. ह्या दोघांना इचारत बसू नगंस. हे ठराव करत्यात."

"सोमवारी जुन्नरला अर्ज देऊ तहसीलमध्ये," ती म्हणाली. "कार्ड यायला पंधरा-वीस दिवस, असं तेजस्विनी म्हणते. ऑक्टोबरच्या शेवटी ऑपरेशन."

स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकताना तिला जाणवलं, की त्यात 'जर' नव्हतं.

"सोमवारी माजंबी हाये," तात्या म्हणाले. "सुदर्शनला सांग, एकच गाडी काढ. मला नारायणगावला सुया टोचायला सोडा, तुमी म्होरं जा. येताना मला घ्या."

"चार तास लागत्यात तुमाला," बयाबाई म्हणाल्या. "जुन्नरचं काम आदीच उरकायचं."

"तर मग माज्यासाठी थांबतील," तात्या म्हणाले, आणि समृद्धीने त्यांच्या टोपीकडे हात केला तसं डोकं तिच्यापुढे वाकवलं.